मॉडेल रेल्वेची नदी पावसाळ्यात ताकासारखी होते? आधी पांढरं नेमकं कुठे आहे ते बघा

लेआउटवरची, म्हणजे रूळ आणि देखावा मांडलेल्या फळीवरची, नदी इपॉक्सी रेझिनची करतात; हा दोन भाग कालवून ओतायचा पारदर्शक द्रव मग घट्ट होतो. ओतली त्या दिवशी ती काचेसारखी दिसते. मग कधी दुसऱ्याच दिवशी, कधी श्रावण लागेपर्यंत तिचं ताक होतं. माझ्याकडे हे तीन वर्षांत तीनदा झालं. दरवेळी मी रेझिनला दोष दिला आणि नवा डबा आणला. तिसऱ्यांदा नदी पांढरी पडल्यावर मात्र ठरवलं, की कारण सापडल्याशिवाय आता एक थेंबही ओतायचा नाही. शोधायला बसले तर एकाऐवजी तीन कारणं निघाली. वरून पाहिलं तर तिन्हींचा पांढरेपणा सारखाच दिसतो, म्हणून एकाचा उपाय दुसऱ्यावर करत आपण पैसे घालवत राहतो. हाच घोळ तुमच्याकडेही होत असेल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी माझा लेआउट सांगते. इंदिरानगरच्या फ्लॅटमधली मागची खोली, ८ बाय ४ फुटांचा प्लाय, एचओ स्केल, म्हणजे १:८७. गाडी नाशिकरोड सोडून निफाडकडे निघाली की गोदावरी ओलांडते, तो पूल मला करायचा होता. नदी ९० सेंमी लांब, २२ सेंमी रुंद आणि पाणी ६ मिमी खोल. २२ सेंमीचे १:८७ ने १९ मीटर होतात. गोदावरीपुढे हा ओहोळच, पण घरात जागा तेवढीच आहे. काठावर एक दुतोंड्या मारुती बसवला आहे. तो रामकुंडाजवळचा, रेल्वे पुलाशी त्याचा काही संबंध नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण पाणी किती चढलं हे नाशिककर त्याच्याकडे बघूनच ठरवतात. त्याच्याशिवाय केलेली नदी मला गोदावरी वाटेना.

आता तपासणी. खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा, पाण्याला जवळजवळ टेकवून धरा. मग नखाने पृष्ठभाग खरवडा. नखात मेणचट, साबणासारखं काही आलं तर पांढरं वर आहे. नखात काही आलं नाही आणि भिंगातून गोल गोल ठिपके दिसले तर पांढरं मध्ये आहे. ठिपके नाहीत, वरचा भाग गुळगुळीत आहे, आणि डोकं इकडेतिकडे हलवलं की तळाशी चांदीसारखी किंवा दुधासारखी चकती दिसते, तर पांढरं खाली आहे. टॉर्च वरून सरळ मारलात तर यातलं काहीच कळणार नाही.

वरचं पांढरं सगळ्यात सोपं. माझी पहिली नदी ऑगस्टमध्ये ओतली होती. बाहेर झड लागलेली, खिडक्या बंद, आणि खोलीतला आर्द्रतामापक ८० च्या खाली यायला तयार नव्हता. इपॉक्सीचा हार्डनर, म्हणजे रेझिनमध्ये कालवायचा, त्याला घट्ट करणारा दुसरा भाग, अमाइन नावाच्या रसायनांच्या जातीचा असतो. रेझिन घट्ट होण्याआधी पृष्ठभागावरच्या अमाइनला हवेतलं बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड मिळाले की त्यांचा आपसात संयोग होतो आणि वर मेणचट थर जमतो. थंडीत रेझिन सावकाश सुकतं, त्यामुळे तेव्हाही हे होतं. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या आठवड्यात मी डबा उघडतच नाही.

हा थर पाण्यात विरघळतो. थिनरने पुसायला जाल तर तो नुसता पसरेल. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाका, हिरव्या घासणीने हलक्या हाताने घासा, स्वच्छ पाण्याने पुसा आणि पूर्ण कोरडं करा. मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने ओलंच घासा. पृष्ठभाग मॅट होईल, त्याने घाबरू नका, पुढचा पातळ थर बसला की चमक परत येते. हा मेणचट थर न काढता वर दुसरा थर ओतलात तर तो पापुद्र्यासारखा सुटतो. मी ते केलं आहे.

याच पहिल्या वेळी माझी आणखी एक चूक झाली होती. डब्यावर प्रमाण २:१ होतं, आणि मी ते स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर २:१ घेतलं. डब्यावरचं प्रमाण मापाचं होतं, वजनाचं नव्हतं. रेझिनची घनता पाण्यापेक्षा जास्त, साधारण १.१ ते १.१५, तर हार्डनरची १ च्या जरा खाली. मापाने २:१ म्हणजे वजनाने १०० ला सुमारे ४४. मी १०० ला ५० घातलं. जास्तीच्या हार्डनरला संयोगासाठी रेझिनच उरलं नाही, म्हणून तो वर चिकट राहिला आणि मेणचट थर अजून वाढला. तुमच्या डब्यावर वजनाचं प्रमाण वेगळं दिलं असेल तर तेच घ्या. दिलं नसेल तर खुणा असलेले प्लास्टिकचे मापपेले वापरा, वजनकाट्याला हात लावू नका. नीट ढवळणं म्हणजे पेल्याच्या कडा आणि तळ खरवडून तीन-चार मिनिटं, आणि मग सगळं दुसऱ्या स्वच्छ पेल्यात काढून पुन्हा एक मिनिट. पहिल्या पेल्याच्या भिंतीला न मिसळलेला माल चिकटलेला असतो. तो निथळून नदीत पडला की तिथे कायमचा ओलसर डाग राहतो.

मधलं पांढरं म्हणजे बारीक बुडबुडे. दुसरी नदी मी जानेवारीत सकाळी ओतली. थंडीत रेझिन मधासारखं दाट होतं, त्यामुळे ढवळताना आत गेलेली हवा बाहेरच येत नाही. बाटलीतच साखरेसारखे कण किंवा गढूळपणा दिसला तर रेझिन थंडीने गोठलं आहे, फेकून देऊ नका. झाकण घट्ट लावून बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा, ५० अंशांच्या आसपास, कण पूर्ण विरघळेपर्यंत. मग ते कोमट होऊ द्या आणि त्यानंतर हार्डनर घाला. गरम मालात हार्डनर घातला तर काम करायला मिळणारा वेळ फार कमी होतो. तापमान १० अंशांनी वाढलं की तो वेळ साधारण निम्मा होतो.

सकाळी ओतणं हीसुद्धा चूकच होती. दिवस चढतो तशी खोली तापते, तळाच्या छिद्रांमधली हवा प्रसरण पावते आणि बुडबुडे वर येत राहतात. संध्याकाळी ओतलं तर खोली निवत जाते आणि ती हवा आतच आकसते. आता मी दिवेलागणीच्या सुमाराला ओतते आणि वर केसांचा ड्रायर लांबून, सर्वांत कमी वाऱ्यावर दोन मिनिटं फिरवते. एका वेळी ३ मिमीपेक्षा जाड थर नको. माझ्या नदीसाठी ९० × २२ × ०.३ म्हणजे एका थराला ६०० मिलीला थोडं कमी लागतं. तेवढा माल एकाच बादलीत कालवून ठेवला तर तो आतल्या आत तापतो, पिवळा पडतो, कधी तडकतोही. दोन-तीन छोट्या पेल्यांत कालवा आणि लगेच ओतून पसरवा.

आता खालचं पांढरं. माझे दोन वर्षांचे कष्ट त्यात गेले, आणि हे ऐकायला कुणाला आवडत नाही, पण त्यावर वरून कुठलाही उपाय नाही.

तिसऱ्या नदीचा तळ मी गणपतीत केला. २ किलो पीओपी, त्यात सव्वा लिटरच्या वर पाणी, वर वाळू आणि बारीक खडी फेविकॉलने चिकटवलेली, त्यावर ॲक्रिलिक रंगाचे दोन हात. नवरात्रात रेझिन ओतलं. हवा बरी होती, प्रमाण बरोबर होतं, बुडबुडे नव्हते. मी खूश होते. दिवाळीत मारुतीच्या पायाशी पाण्याखाली नखाएवढी दुधाळ चकती दिसली. पुढच्या आषाढापर्यंत निम्मी नदी तशीच झाली होती.

शेजारचे काका बघायला आले. सातपूरला ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलं. कॉइलवर रेझिन ओतायचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं आहे. त्यांनी टॉर्च माझ्या हातातून घेतला, वाकून बघितलं आणि विचारलं, "याच्या खाली काय घातलंयस?"

"पीओपी. वर वाळू, फेविकॉलनं चिकटवलेली."

"सुकवलंस किती दिवस?"

"हाताला कोरडं लागत होतं, काका."

"हाताला काय कळतंय? आमच्याकडे कॉइल भट्टीत सुकवल्याशिवाय रेझिनजवळ नेऊ देत नसत. तू वरून झाकण घातलंस, आता आतला ओलावा जाणार कुठून?"

त्या रात्री मी हिशेब मांडला. पीओपी घट्ट होताना त्याच्या वजनाच्या १८.६ टक्के पाणी रासायनिक रीतीने धरून ठेवतं. २ किलोला ते ३७० ग्रॅमच्या आसपास होतं. मी घातलं होतं १३०० ग्रॅम. म्हणजे ९०० ग्रॅमच्या वर पाणी नुसतं हवेत उडून जायला हवं होतं. खालून प्लाय, वरून रंग आणि बाहेर भाद्रपद. ते उडणार कसं? आणि जे आत राहिलं ते सरळ फेविकॉलच्या थरात आलं. फेविकॉल ओला असताना पांढरा असतो, सुकला की पारदर्शक होतो आणि पुन्हा ओलावा लागला की पुन्हा पांढरा पडतो. माझ्या नदीतली दुधाळ चकती रेझिनची नव्हतीच. ती रेझिनखाली अडकलेल्या ओल्या फेविकॉलची होती. काही ठिकाणी तर फेविकॉलची पकड सुटून रेझिन तळापासून केसभर उचललं गेलं होतं. चांदीसारखं चमकत होतं ते त्या फटीतल्या हवेमुळे.

खात्री करायला मी एक लादी ओतली. टाकाऊ डब्यात ३०० ग्रॅम पीओपी, २०० ग्रॅम पाणी, सुमारे २ सेंमी जाडी, वरची बाजू उघडी. रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की तिचं वजन करायचे आणि फ्रिजवर लावलेल्या कागदावर आकडा लिहायचे. सुरुवात ५०० ला. हिशेबाने ती ३५५ च्या आसपास थांबायला हवी. जुलैमधल्या लादीचं वजन दोन आठवड्यांनंतरही ३९० च्या वर होतं, आणि हाताला मात्र ती पाचव्या दिवसापासून कोरडी लागत होती! तशीच दुसरी लादी थंडीत ओतली, ती दहा दिवसांच्या आत ३५६ वर येऊन थांबली.

लेआउटचं वजन करता येत नाही, तिथे दुसरी युक्ती आहे. तळावर हातभर पारदर्शक प्लास्टिक पसरा, चारही कडा ब्राउन टेपने हवाबंद चिकटवा आणि रात्रभर सोडा. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव दिसलं किंवा तळाचा रंग गडद झाला तर अजून ओल आहे. सलग दोन रात्री प्लास्टिक कोरडं निघालं तरच पुढे जा.

बिघडलेली नदी काढावीच लागते. घरच्या तापमानाला घट्ट झालेलं इपॉक्सी ६० अंशांच्या आसपास चामड्यासारखं मऊ पडतं. हेअर ड्रायर जवळ धरून तळहाताएवढा भाग तापवायचा, पटाशी कडेने सरकवायची आणि तुकडा उचलायचा. पुलाचे खांब जवळ असतील तर घाई नको. मला दोन रविवार लागले. डाग अगदी काठाला आणि लहान असेल तर मात्र नदी उपटू नका, त्यावर वाळूचा पट्टा किंवा पाणवेलीचा पुंजका करा. गोदावरीत पाणवेली असतेच, त्यामुळे ती तिथे खोटी दिसत नाही.

चौथ्या वेळी तळातून पीओपी पूर्ण हद्दपार केलं. काठाच्या वरच्या खडकांना ते ठेवलं, पाण्याखाली कुठेही नाही. तळाला ५ मिमी जाडीचा पीव्हीसीचा सनबोर्ड कापून बसवला, तो पाणी पीत नाही. सनबोर्ड नावाखाली थर्माकोलच्या गाभ्याचा बोर्डही विकतात, तो घेऊ नका, कापून आतली बाजू बघा. प्लायची खालची बाजू आजवर कोरीच होती, तिला ऑइल पेंटचे दोन हात दिले. पावसाळ्यात ओल तिथूनही वर येते, हे मला फार उशिरा सुचलं.

वाळू आधी धुतली, मग जुन्या तव्यावर भाजली, अगदी रव्यासारखी, हलवत हलवत. सुरुवातीला ती उलथन्याला चिकटते, वाफ येते, मग एकदम सुटी होते आणि तव्यावर सरसर आवाज करते. तो आवाज आला की झालं. ती फेविकॉलने चिकटवायची नाही. तळावर कालवलेल्या रेझिनचा पातळ हात ब्रशने फिरवायचा, त्यावर गार झालेली वाळू भुरभुरायची, दुसऱ्या दिवशी सुटी वाळू झटकायची. मग ॲक्रिलिक रंग, आणि रंगाला चार दिवस विश्रांती. त्यावर पुन्हा रेझिनचा एक पातळ हात, म्हणजे छिद्रं बुजतात आणि बुडबुड्यांचं मूळही जातं. खरा थर त्यानंतर. हे सगळं फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. नाशिकची हवा तेव्हा कोरडी असते, थंडी ओसरलेली असते आणि मे महिन्याचा चटका अजून लागलेला नसतो.

नदीच्या दोन्ही टोकांना बांध हवा. ॲक्रिलिकच्या पट्टीला पाण्याच्या बाजूने ब्राउन टेप लावा, रेझिन त्याला धरत नाही. बाहेरून कडा एमसीलने बुजवा. रेझिन सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातूनही गळतं, म्हणून आधी त्यात साधं पाणी ओतून बघायचा मोह होईल. बघू नका, तेवढ्या पाण्यानेही तळ पुन्हा ओला होतो. टॉर्च आतून लावून बाहेर उजेड येतो का ते बघा.

रंगाबद्दल थोडंसं, कारण गढूळ पाणी हवं म्हणून बरेच जण रेझिनमध्येच रंग मिसळतात आणि मग तो पांढरेपणा वाटतो. रेझिन स्वच्छ ठेवा, खोली तळावर रंगवा. मध्ये काळपट हिरवा, काठाकडे मातकट, आणि दोन्हींची सीमा ओल्या ब्रशने विरघळवलेली. पुराचं चहासारखं पाणी करायचं असेल तेव्हाच रेझिनमध्ये तपकिरी रंग, तोही टूथपिकच्या टोकावर येईल तेवढाच. आपल्याकडचा खडक बेसाल्ट, म्हणून पाण्याबाहेर आलेले दगड काळेच हवेत. लाटा शेवटी, ॲक्रिलिक जेल मीडियमने (सुकल्यावर पारदर्शक होणारी दाट पेस्ट), ब्रश टेकवत टेकवत. १:८७ मध्ये १ मिमीची लाट म्हणजे खरी ८.७ सेंमीची. ५ मिमीचे उंचवटे केलेत तर संथ नदीत जवळजवळ अर्ध्या मीटरच्या लाटा उसळतील. खांबाच्या वरच्या अंगाला पाणी किंचित फुगतं आणि खालच्या अंगाला दोन तिरक्या रेषा उघडत जातात, एवढं जमलं तरी पाणी वाहतं दिसतं. जेल मीडियमही ओलं असताना पांढरं असतं, जाड थर लावला तर पावसाळ्यात आत पांढरंच राहतं. दोन पातळ हात द्या, मध्ये एक दिवस सोडा.

नदी झाल्यावर रुळांची खडी पाणी-फेविकॉलने भिजवायची असेल तर आधी नदीवर प्लास्टिक अंथरा, नाहीतर तुषार पाण्यावर पडून पांढरे ठिपके राहतात. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, सुकलेलं रेझिन घासताना मास्क लावा. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की जात नाही.

चौथी नदी मार्चमध्ये ओतली आणि तिने एक पूर्ण पावसाळा काढला. सप्टेंबरमध्ये आडवा टॉर्च लावून इंच न् इंच बघितली. मारुतीचे पाय स्वच्छ दिसतात, त्याच्याखालची वाळू मोजता येते. फक्त पुलाच्या तिसऱ्या खांबाभोवती बांगडीएवढं दुधाळ कडं आहे. पुलाचे बाकीचे खांब मी सनबोर्डचे केले होते. हा एक पहिल्या नदीपासूनचा जुना, पीओपीचा ओतीव, छान दिसतो म्हणून तसाच ठेवलेला. येत्या फेब्रुवारीत तेवढा भाग तापवून खांब काढणार आहे. नवा सनबोर्डचा खांब आत्ताच कापून, रंगवून कपाटात ठेवला आहे.